दिवसभराचं संध्याकाळी

खामगावच्या डॉक्टरांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले आणि माझ्याकडे न बघता सुनेला विचारलं, "यांचं वजन किती?" सुनेला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. काट्यावर उभं केलं तेव्हा चौऱ्याऐंशी निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही सांधे बदलावे लागतील, पण या वजनावर मी हात लावणार नाही. बीपी आहे, भूल द्यायची आहे. पंचाहत्तर करा आणि दिवाळी झाली की या. नाही जमलं तर मग पुढचं पुढे बघू.

तेव्हा आषाढ चालू होता. "पुढचं पुढे" याचा अर्थ मी कधीच नाही असा घेतला.

मला ऑपरेशन कशाला हवं होतं ते सांगते. दीड वर्षापासून संडासातून उठायला मला सून लागत होती. खुर्चीसारखा संडास बसवून घेतला, तरी उठवत नव्हतं. ती दाराबाहेर उभी राहायची, मी हाक मारली की आत येऊन काखेत हात घालायची. कधी वाकडं बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. ती मळ्यात गेली की मी पाणी पीत नसे. सकाळी नऊपासून ती परत येईपर्यंत पोट आवळून खुर्चीवर बसायचं. माझ्या वयाच्या बायका मरणाला घाबरतात. मी सून घरी नसताना लागेल याला घाबरत होते.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, डोंगराच्या अंगाला. मळ्यात वांगी, मिरची, टमाटे. घरात मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारी नात. मालक जाऊन नऊ वर्षं झाली.

दवाखान्यातून खाण्याचा कागद मिळाला होता. सकाळी एक फुलका, अकराला फळ, दुपारी अर्धी भाकर, चारला फुटाणे, संध्याकाळी वाटीभर वरण. बारा दिवस मी तो कागद पाळला आणि बाराही दिवस संध्याकाळी हरले. वरण पिऊन बसायचं आणि समोर सगळे जेवणार. तव्यावरची गरम भाकर, तेल सुटलेली वांग्याची भाजी, ठेचा. मी म्हणायची, कोरभर दे. मग अजून कोरभर. शेवटी कागदावरचं दिवसभराचं खाणं पोटात असायचंच, वर दोन भाकरी.

जन्मभर मी दिवसा असं जेवलेच नव्हते. वावरात जाताना शिळी भाकर आणि कांदा, तोही उभ्याने. खरं जेवण दिवस बुडाल्यावर. दिवसाच्या भुकेशी माझी ओळख होती, तिला कामाला लावून विसरता येत होतं. संध्याकाळची भूक मला आवरत नव्हती.

म्हणून नातीला म्हटलं, "हे सगळं खाणं गोळा करून संध्याकाळी दिलं तं चालते का, पाय तुया मोबाइलमधी."

तिने पाहिलं. "आजी, दिवसाच्या बाराशे कॅलरी धर. केव्हा खाल्ल्या त्याले काही नाही, जास्त नाही झाल्या पायजे. करतात काही लोक असं."

"मंग माह्या हजार संध्याकाळसाठी ठेव."

"अन् दिवसभर?"

"दिवसभर मी पाहून घेतो."

सून भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, दिवसभर उपाशी राहान अन् आमच्यावर खेकसान. ते कोण पाहीन?"

ती बरोबर बोलली होती. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी ताक आणि एक काकडी, एवढ्यावर मी दिवस काढू लागले. चारपर्यंत ठीक जायचं. चारनंतर माझं डोकं दुसरं काही करत नसे. सून मळ्यातून निघाली का? आज भाजी कोणती? ती तेल ओतताना हात सैल सोडते, आज मी बघितलं नाही तर? कुणी पाहुणा आला तर? पाहुणा आला की भजी तळतात, आणि पाहुण्यासमोर माझं ताट मोजून वाढणार कोण? फाटकाची कडी वाजली की माझ्या छातीत धस्स व्हायचं. दिवसभर राखलेलं कुणीतरी येऊन विस्कटून टाकेल असं वाटायचं.

सात वाजता ताट यायचं. दोन भाकरी, मोठी वाटी भाजी, वरण, दही, कांदा. पोटभर. मी हळूहळू जेवायची आणि जेवताना कुणाशी बोलायची नाही. नात म्हणायची, "आजी परीक्षेचा पेपर लिहून राह्यली." पण वर कोरभर मागावी असं मला वाटेनासं झालं.

पंचाईत झाली ती गल्लीतल्या बायकांची. दिवसा खात नाही, संध्याकाळी सोडते, म्हणजे म्हातारीने नेम धरला. श्रावण लागला होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. शेजारीण दुपारी डबा घेऊन आली.

"काकू, शेंगदाण्याचे लाडू हायेत. उपासाले चालतात."

"मले उपास नाही."

"हो, नेम सांगत नसतात. समजलं मले." आणि तिने माझ्या पाया पडून डबा मांडीवर ठेवला.

दुसरीने साबुदाण्याची उसळ आणली, तिसरीने भगर. त्यांना वजनाचं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि वजन कशासाठी हे विचारल्यावर संडासाचं सांगावं लागलं असतं. मी आलेलं ठेवून घेतलं. डबे नात संपवायची. त्या श्रावणात माझं वजन उतरलं आणि तिचं वाढलं. एक लाडू मात्र मी खाल्ला होता, आणि त्या दिवशी संध्याकाळी एक भाकर कमी घेतली.

वजन मी घरच्याच काट्यावर बघत होते. पडवीत भाजी मोजायचा इलेक्ट्रिक काटा आहे, कॅरेट ठेवतात तो. सकाळी भिंतीला धरून त्याच्यावर चढायचं. मी चौथी शिकले, आकडे मला वाचता येतात. चौऱ्याऐंशीचं ब्याऐंशी झालं, भादव्यात ऐंशीच्या खाली आलं. मग एका आठवड्यात एकदम दोन किलो उतरलं. मला वाटलं, शरीराला आता वळण लागलं. त्या खुशीत मी संध्याकाळी अर्धी भाकर वाढवली. तरी आकडा घसरतच होता. दिवाळीला तीन आठवडे राहिले तेव्हा काट्यावर पंचाहत्तर आणि वर थोडंसं होतं. त्या दिवशी मी सकाळी दोन पेले पाणी प्यायले, सून मळ्यात गेलेली असताना.

दुसऱ्या दिवशी नात माझ्यामागे पडवीत आली. मी अजून चढले नव्हते. ती काट्याकडे बघून म्हणाली, "आजी, हा मायनस कायचा?"

आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती. ती मी रोज बघत होते. मला वाटलं मशीनचीच काही खूण असेल.

वांग्यांचा तोडा सुरू झाला की मुलगा काट्यावर रिकामं कॅरेट ठेवून एक बटन दाबतो. मग काटा कॅरेटचं वजन धरत नाही, नुसता माल सांगतो. पहाटे गाडी भरल्यावर कॅरेट उचलून नेतात आणि काटा तसाच चालू राहतो. दोन किलो वजा होऊन. भादव्यात एका आठवड्यात उतरलेले दोन किलो माझे नव्हते, कॅरेटचे होते.

नातीने काटा बंद करून पुन्हा चालू केला. मी चढले. साडेसत्त्याहत्तर.

मुलगा म्हणाला, "माय, मले इचारलं तं असतं. मी बटन दाबून देलं असतं."

"तुले काय इचारू? रोज उठून मी कॅरेटवानी काट्यावर चढतो हे सांगू?"

"मंग काय झालं? दोन किलो तं हाय. दिवाळीनंतर जाऊ, नाहीतं संक्रांतीले जाऊ."

त्याला संक्रांत सोपी होती. त्याला माझ्या काखेत हात घालावा लागत नव्हता.

त्या दिवसापासून मी ताक सोडलं, काकडी सोडली. दिवसभर लिंबूपाणी आणि संध्याकाळी एक भाकर आणि वरण. सुनेला सांगितलं की पोट जड आहे. बीपीची गोळी मात्र सकाळी घेत होते, ती चुकवायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी आणि दुपारी दोनदा काट्यावर चढायची. आकडा दुपारी वर दिसला की उतरून पुन्हा चढायची.

सहाव्या दिवशी साडेदहाच्या सुमारास मला जोराची लागली. घरात कोणी नव्हतं. भिंत धरून गेले, बसले, आणि उठायच्या प्रयत्नात डोळ्यापुढे अंधारी आली. खाली फरशीवर पडले. मोडलं काही नाही. पण लुगडं अर्धवट, दार आतून लावलेलं, आणि मी संडास आणि भिंतीच्या मधे अडकलेली. ओरडून बघितलं. शेजारणीकडे टीव्ही चालू होता. मग ओरडणं थांबवलं, कारण मला त्या अवस्थेत शेजारीण यायला नको होती. पाया पडणारी बाई ती.

सून दुपारच्या भाकरीला एक वाजता आली. कडी मोडून आत शिरली. मला उठवलं, धुतलं, लुगडं बदललं, गुळाचं पाणी पाजलं. मग म्हणाली, "आत्याबाई, मराचं असन तं मी घरी असताना मरा. मले वावरातून पयत यावं लागते."

"मले मराचं नाही. मले एकटीनं जाता आलं पायजे."

"मंग खा. मले काय तुमचं ओझं झालं म्हणलं का मी?"

"तू नाही म्हणलं. म्हणूनच."

ती उठून अर्धी भाकर आणि दही घेऊन आली, भर दुपारी. मी खाल्लं. संध्याकाळी पुन्हा दोन भाकरी वाढल्या तेव्हा माझ्या घशातून दुसरी उतरेना. आता बिघडलं सगळं, एवढंच डोक्यात.

दिवाळी झाल्यावर खामगावला गेलो. एसटीत मी सारखी सुनेला विचारत होते, लुगड्याचं वजन किती असेल. ती म्हणाली, "सोडून ठेवा मंग." मागच्या सीटवरची बाई हसली.

दवाखान्याच्या काट्यावर शहात्तर आणि वर दोनशे ग्रॅम निघालं. मी चपला काढल्या होत्या, बांगड्याही. डॉक्टरांनी कागद बघितला, बीपी बघितलं, रक्त बघितलं. मग विचारलं, "कसं केलंत?"

मी सांगितलं. पडल्याचं सुनेने सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी जेवा की सकाळी, मला फरक पडत नाही, पण उपाशी पडलात तर माझं सगळं काम वाया जाईल. एका किलोसाठी मी थांबवत नाही. मात्र दोन्ही एकदम नाही. उजवा करू. डावा तुम्ही सत्तर किलोवर आलात की.

"एका गुडघ्यावर संडासातून उठता येते का?" मी सरळच विचारलं.

"कठडा बसवून घ्या. धरून येईल."

मी म्हटलं, करा.

उजवा होऊन आता दोन महिने झाले. जखम भरायची म्हणून सकाळी अंडं आणि दुपारी उसळ खावीच लागली, त्यामुळे संध्याकाळचं ताट अर्ध्यावर आलं. माझी युक्ती मोडली आणि भूक तशीच राहिली. डावा गुडघा रोज ठणकतो. सत्तर अजून लांब आहे, आणि आकडा आठ दिवस झाले तरी हललेला नाही. चार वाजले की माझी छाती अजूनही धडधडते.

एक गोष्ट मात्र मला आधी कळली नव्हती. पूर्वी माझं वाटीभर संपलं तरी मी चुलीसमोर खुर्चीतच असायची, कारण उठायला कुणाचा तरी हात लागायचा आणि सगळ्यांचे हात जेवणात असायचे. म्हणून बघत बसायचं आणि मागत राहायचं. आता माझं संपलं की मी वॉकर ओढते, उजव्या पायावर जोर देते आणि उठते. बाहेर ओट्यावर जाऊन बसते. ते उठत नाहीत तोवर आत येत नाही.

काल सून भाकर टाकता टाकता म्हणाली, "बसा ना, आता कुठं पयता?"

मी थांबले नाही.