मशीन कपाटात

लिटिल इंडियातून आणलेल्या कुकरच्या रिंगचं पाकीट फोडलं आणि त्या रबरी वासाने बाबांचा मास्क आठवला. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना रात्री हवेचं मशीन लावायला सांगितलं होतं. बेडोकला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत झोपेच्या आजारांचं शिबिर होतं. 'वजन घटलं तरी तपासणीशिवाय मशीन सोडू नका' हे पत्रक मी लिहिलं होतं, घड्या बाबांनी घातल्या होत्या. आणि माझ्याच टेबलापाशी, ढगळ झालेली पँट ओढून दाखवत ते लोकांना सांगू लागले, "अहो, वजन उतरलं, मशीन कधीच कपाटात गेलं! मस्त झोपतो." वर टाळ्या! एका काकूंनी पत्रक परत ठेवलं. "तुझे बाबाच सांगतायत की गं." मी रोज सकाळी विचारायची, "मास्क लावला होता ना?" रोज "हो" म्हणायचे. आईकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून पत्रकांचा गठ्ठा सरळ करत राहिली. म्हणजे तीही सामील. घरातच फितुरी! नंतर तपासणी झाली. श्वास अजून अडकतच होता. आता बाबा मास्क लावतात म्हणे. मी विचारत नाही. सकाळी मशीनच्या टाकीतलं, हवेला ओलावा देणारं पाणी रात्रीत किती उतरलंय, ते बघते.