खिशातला हात आणि गळका कंडेन्सर

मराठी-गुजरातीचं द्वैभाषिक राज्य मोडायला सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं, तेव्हा आम्ही दोघे गिरगावातल्याच एका वाडीत बसून एक द्वैभाषिक दुरुस्त करत होतो. आम्ही घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं हे नाव. आवाज मोठा करण्याचं शेवटचं काम त्यात रेडिओतल्यासारख्या दोन काचेच्या व्हॉल्व्हनी जोडीने करायचं, भार सारखा उचलायचा. त्यांचं पटत नव्हतं.

अ‍ॅम्प्लिफायर माझ्या मित्राच्या गिटारसाठी होता. वाडीतलं त्याचं ख्रिस्ती घर पिढ्यान्‌पिढ्यांचं. लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडच्या म्होरक्याने त्याला सांगितलं होतं, "हात चांगला आहे तुझा, पण ट्रम्पेटपुढे गिटार ऐकणार कोण? रविवारी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन ये. ऐकू आलास तर जागा तुझी."

शनिवार उजाडला तरी आमचं यंत्र घसा बसल्यासारखं बोलत होतं. एका व्हॉल्व्हच्या काचेआडचा पत्रा लाल व्हायला लागला होता. मी रेडिओ दुरुस्तीचा अर्धा कोर्स केलेला, म्हणजे आत्मविश्वास पूर्ण. मीटर लावला. एका व्हॉल्व्हशी काटा ऐटीत वर चढे, दुसऱ्याशी निम्म्यावरच दमे.

"चोरबाजारातला माल," मी म्हणालो.

"घासाघीस तूच केलीस रे."

विजेच्या कामात एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, असं मला शिकवलं होतं. माझ्या पायजम्याला खिसा नव्हता, म्हणून मी मित्राच्या वडिलांची पँट चढवली होती. त्याची आई दारात उभी राहून बघत होती.

"एका हाताने काम? दुसरा काय पगारी रजेवर?"

"जीव वाचतो, आंटी."

"मग दोन्ही खिशात ठेव."

मी वीज बंद केली, व्हॉल्व्ह थंड होऊ दिले आणि त्यांची अदलाबदल केली. ज्याचा पत्रा तापत होता तो नव्या जागी गुणी झाला आणि गुणी होता तो त्याच्या जागी येऊन तापला. माणसं बदलली तरी खुर्चीचा रोग तोच. मग मी त्या खुर्चीतला व्हॉल्व्ह काढूनच टाकला आणि रिकाम्या जागेवर मीटर टेकवला. जिथे काहीच यायला नको होतं, तिथेही काटा हलला.

सापडला चोर. आधीच्या भागातून गाणं तेवढं पुढे सोडायचं आणि मागचे जबर व्होल्ट अडवायचे, हे तिथल्या छोट्या कंडेन्सरचं काम. हा पहारेकरी व्होल्टनाही वाट देत होता.

"कंडेन्सर गळतोय," मी जाहीर केलं.

"गळतंय तर खाली टोप ठेव ना," आंटी म्हणाली आणि खरंच टोप घेऊन आली.

हसून झाल्यावर मित्राचा चेहरा उतरला. त्या दिवशी हरताळ होता. रेडिओचे सुटे भाग मिळायचे त्या लॅमिंग्टन रोडच्या सगळ्या दुकानांच्या फळ्या बंद. संयुक्त महाराष्ट्रासाठी आम्हीही घोषणा देऊन आलो होतो, आता तक्रार कोणाकडे करणार? मित्र गिटारच्या तारा सैल करायला लागला.

आंटीने टोप खाली ठेवला. कोपऱ्यातल्या रेडिओवरचं विणलेलं झाकण उचलून घडी केलं.

"ह्यात असतो का तो तुमचा गळका?"

"न गळणारा असेल. पण आंटी, तुमची रविवारची गाणी?"

"ह्या पोराची ऐकेन. काढ."

काढला, बसवला. दोन्ही व्हॉल्व्हशी काटा जवळजवळ सारखाच चढला. मित्राने एकच तार छेडली आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, सभा कुठे आहे?

रविवारी लग्नात आंटी बँडच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसली होती. दुसऱ्या गाण्याला म्होरक्याने ट्रम्पेट तोंडापासून काढलं आणि मान वळवली.

"जरा कमी कर रे. मला मी ऐकू येत नाही."

जागा मिळाली. दुकानं उघडल्यावर मी नवा कंडेन्सर घेऊन रेडिओ दुरुस्त करायला गेलो, तर आंटी म्हणाली, "घाई नको करू. आमचा रेडिओ आता बाहेर कामाला जातो."