शामलाचा पावा आणि बिअरची तोटी

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावाबाहेर, गवताच्या टेकाडाखाली अर्धा गाडलेला एक किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काही नाही. बुरूज नाही, कडा नाही, कुणी कुठून घोड्यासकट उडी मारलेली नाही. काँक्रीटच्या ओल्या खोल्या, भोवती खंदक, आणि खंदकात पर्यटकांच्या ब्रेडवर माजलेली बदकं. शत्रू आला की आजूबाजूची शेतं पाण्याखाली घालायची आणि त्याला गुडघाभर चिखलात उभं करायचं, अशी योजना होती. किल्ला बांधून होईपर्यंत माणसं विमानात बसून उडायला लागली. शत्रू आला तेव्हा वरून गेला.

या न लढलेल्या किल्ल्यावर उन्हाळ्यात महिन्यातून एका रविवारी ढोल आणि पावे वाजतात. वाजवणारे बहुतेक निवृत्त. दाताचे डॉक्टर, भूगोलाचे मास्तर, बसचे ड्रायव्हर. अंगात निळे कोट, डोक्यावर तिकोनी टोप्या. हे कपडे किल्ल्याच्या जन्माच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीच्या सैन्याचे आहेत, पण तो विषय कुणी काढत नाही. या पथकात शामला नार्वेकर पावा वाजवते. मूळची वेंगुर्ल्याची. वय अठ्ठावन्न. समोरचे सगळे दात स्वतःचे.

दातांचा उल्लेख उगाच केलेला नाही.

शामला नेदरलँड्सला आली ती वासुदेवच्या व्हिसाला लटकून. वासुदेव संगणकातला माणूस. तिच्या कार्डावर 'जोडीदार' असा शिक्का होता. पुढे कार्डावरचा शिक्का गेला, तिने एका गोदामात हिशेबाची नोकरीही केली, पण कातडीखाली तो राहून गेला. पार्टीत तिची ओळख 'वासुदेवची बायको', शाळेत 'इरावतीची आई'. मराठी मंडळात तर 'उकडीचे मोदक'. नोकरी संपल्यावर डच भाषा गंजू नये म्हणून कुणीतरी तिला सुचवलं, किल्ल्यावर स्वयंसेवक हवेत. ती गेली. तिला वाटाण्याच्या सूपच्या तंबूत उभं केलं. वाटाण्याचं हे सूप खरं तर थंडीतलं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. पण सैनिक तेच प्यायचे, म्हणून जुलैच्या उन्हातही तेच. घामाघूम माणसं पुढ्यात सूप घेऊन इतिहासाकडे बघत बसायची.

दोन उन्हाळे तिने सूप ढवळलं. मग पथकातल्या एका पावेवाल्याला कवळी लागली. फुंकर मारली की पाव्यातून सूर निघण्याआधी तोंडातून कवळी निघायची. पथकाचा प्रमुख कोर, निवृत्त बसड्रायव्हर, सहा फूट चार इंच, सूपच्या तंबूत आला आणि त्याने विचारलं, "इथे समोरचे दात कोणाचे स्वतःचे आहेत?"

शामलाने पळी वर केली.

"कधी काही फुंकलंयस?" डचमध्ये सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, कोर तर राजालाही करेल.

"फुंकणी," ती म्हणाली. "चुलीची. लहानपणी."

कोरला फुंकणी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तिचा श्वास कळला. तिने आठ महिने सायकलींच्या शेडमध्ये उभं राहून रियाज केला, कारण घरात वाजवलं की वासुदेव टीव्हीचा आवाज वाढवायचा. "अगं, कुकरची शिट्टी बरी," म्हणायचा, "ती तीन झाल्या की थांबते तरी."

पथकात एक समिती होती. बटणं शिंगाची आहेत का, चष्मा जुन्या घडणीचा आहे का, हे बघणारी. समितीने शामलाकडे पाहिलं आणि घसा साफ केला. त्या काळात, त्या रेजिमेंटमध्ये, म्हणजे, भारतातली, आणि शिवाय बाई. वर्ण वगैरे नाही, फक्त अस्सलपणाचा प्रश्न.

"माझ्या गावात तुमच्या वखारीचे अवशेष आहेत," शामला म्हणाली. "तिथे तुम्ही आलात तेव्हा आमची कुठली समिती बसली नव्हती. मी परतभेटीला आलेय असं समजा."

समितीतला भूगोलाचा मास्तर हसला, बाकीच्यांनी नाइलाजाने मान डोलावली. ठरलं असं: जुलैच्या रविवारी तिने सगळ्यांसमोर एकटीने इशारे वाजवायचे. जमलं तर कवळीवाल्याचा निळा कोट तिचा, आणि संध्याकाळच्या संचलनात रांगेत जागा. नाही जमलं तर परत पळी. तोवर तिला शिपायाच्या बायकोचा परकर आणि टोपडं घालून वाजवायचं होतं. इतकं करूनही पुन्हा कोणाची तरी बायको.

आता या इशाऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्यातलाच आहे. जुन्या छावणीत घड्याळ नसायचं, पावा असायचा. उठा, जेवा, जमा, झोपा, सगळं पाव्यावर. संध्याकाळी ढोलवाला आणि पावेवाला गुत्त्यांवरून फिरायचे आणि ते वाजवत गेले की गुत्तेवाल्याने बिअरची तोटी बंद करायची, म्हणजे शिपाई परत येतील. या किल्ल्यावर ही प्रथा अजून पाळतात, आणि गंमत म्हणून नव्हे. तोटीचा इशारा एकदा वाजला तर: हातातला ग्लास संपवा. लगेच दुसऱ्यांदा वाजला तर: तोटी बंद. मग सकाळचा उठण्याचा इशारा वाजेपर्यंत ती उघडत नाही. बिअरच्या ठेल्यावर यॉप नावाचा गृहस्थ असतो. त्याने एकदा इशाऱ्यानंतर आलेल्या स्वतःच्या सासऱ्याला पाण्याचा नळ दाखवला होता. किल्ल्याचं छप्पर गळतं, ते या ठेल्याच्या जोरावर दुरुस्त होतं, तरीही.

तो रविवार तापला. या देशात तीस अंशांना लोक जे चेहरे करतात ते आपण बेचाळीसला करत नाही. खंदकाच्या काठावर अख्खं गाव लोळत होतं आणि यॉपसमोर रांग होती. त्यात मराठी मंडळाच्या पंचवीसेक जणांनी सतरंज्या पसरल्या. चिवडा निघाला. छत्र्या निघाल्या. वासुदेव पुढे, पांढरा कुर्ता घालून. बायकोचा पावा तो पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडून ऐकणार होता. शेजारी इरावती, हार्लेमहून आलेली, गॉगल लावून, आपण यांच्यातले नाही अशा बेताने बसलेली.

कोर एकेक इशारा समजावून सांगायचा आणि शामला तो एकदा वाजवायची. जमण्याचा इशारा झाला. जेवणाचा झाला. टोपड्याखालून घाम गळत होता, पण सूर पक्के लागत होते. मग कोर म्हणाला, "आणि हा तोटीचा. नमुन्यादाखल. एकदाच, घाबरू नका." लोक हसले. शामलाने वाजवला.

हा इशारा छोटा आहे, पण शेवटी एक सूर वर जातो आणि तिथेच थांबतो. शामलाने तो असा थांबवला की बदकंसुद्धा गप्प झाली. आणि त्या शांततेत वासुदेव नार्वेकर, ज्याने बायकोच्या कलेला आजवर कुकरची उपमा दिली होती, तो सतरंजीवर उभा राहिला. डोळे ओले. हात वर.

"वन्स मोअर!"

मंडळातल्या नीलिमाताईंनी उचलून धरलं. मग सगळ्यांनी. "वन्स मोअर! वन्स मोअर!" नाट्यसंगीतावर वाढलेली ही माणसं, चांगलं काही एकदाच ऐकून घरी जायची त्यांना सवय नाही. आणि शामलाही त्यांच्यातलीच. समोरून वन्स मोअर आला की कलाकाराने मान लववायची आणि पुन्हा गायचं. नवऱ्याकडून आला असेल तर विचारच करायचा नाही. तिने मान लववली आणि तोटीचा इशारा दुसऱ्यांदा वाजवला. पहिल्यापेक्षा सुंदर.

खाड्.

यॉपने तोटी फिरवली, वर लाकडी खुंटी ठोकली आणि हाताची घडी घातली. दुपारचे तीन वाजले होते.

आधी लोकांना विनोद वाटला. मग रांगेतल्या पहिल्या माणसाने रिकामा ग्लास पुढे केला आणि यॉपने मान हलवली. रांगेतून एक आवाज उठला, शेतं पाण्याखाली जाताना असाच येत असेल.

"यॉप," कोर म्हणाला, "ती चूक होती."

"दोनदा वाजलं," यॉप म्हणाला.

"लोकांनी मागितलं म्हणून वाजलं!"

"कोणी मागितलं ते पाव्यातून ऐकू येत नाही. आता सकाळी."

कोर सहा फूट चार इंच उंचीवरून शामलाकडे वळला. "तू का वाजवलंस?"

"वन्स मोअर आला."

"म्हणजे?"

"म्हणजे... पुन्हा वाजव. मानाने मागतात."

"शिपाई मानाने मागितल्यावर पुन्हा गोळी झाडतो का?"

समितीतले दोघे निळ्या कोटाकडे बघू लागले. तो खुंटीवर रिकाम्या हातांनी लटकत होता. सतरंजीवर वासुदेव हळूहळू खाली बसला.

"अहो बाबा," इरावती म्हणाली, "तुम्ही आत्ता एका किल्ल्याची बिअर बंद केलीत."

"मी फक्त दाद दिली."

"आयुष्यात पहिल्यांदा. टायमिंग बघा."

शामला घामाने निथळत उभी होती. समोर सूपचा तंबू, त्यात पळी. ती त्या तंबूकडे बघत राहिली, आणि मग अचानक म्हणाली, "यॉप, सकाळी उघडशील ना?"

"सकाळचा इशारा वाजला की. आणि आधी रात्र व्हायला हवी."

"मग रात्र करू."

कोरने तिच्याकडे पाहिलं. ऊन लागलंय असं त्याला वाटलं असावं.

"आमच्याकडे दशावतार असतो," ती म्हणाली. "देवळासमोरचं नाटक. राजाला वनवास झाला की तो मांडावर, म्हणजे नाटकाच्या जागेवर, एक फेरी मारतो. फेरी संपली की बारा वर्षं संपली. कोणी कॅलेंडर मागत नाही. तुम्ही काँक्रीटच्या किल्ल्यावर तिकोनी टोप्या घालून फिरता, ते चालतं. मग एक रात्र का नाही चालणार?"

कोरने यॉपकडे पाहिलं. यॉपने तोटीवरच्या खुंटीवर हात ठेवला. तो नियमांचा माणूस होता, पण रात्र किती लांब असावी याचा नियम कुठे नव्हता. शिवाय त्यालाही तहान लागली होती.

"सगळे झोपले पाहिजेत," तो म्हणाला. "अर्धेमुर्धे नाही."

कोरने झोपेचा इशारा ढोलावर वाजवला आणि बसमधल्या आवाजात हुकूम सोडला. अख्खं गाव गवतावर आडवं झालं. मंडळ चिवड्यावर झाकण घालून सतरंज्यांवर आडवं झालं. भूगोलाचा मास्तर पहारेकरी होऊन तटावरून फेरी मारायला निघाला, हातात न पेटवलेला कंदील, आणि सूर्य त्याच्या टोपीवर भाजत होता. कुठेतरी एक मूल डचमध्ये म्हणालं, "पण मला दिसतंय सगळं." त्याच्या आईने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. मग कुणी हललं नाही. माणसं डोळे मिटून पडली की किती लवकर मेल्यासारखी दिसतात, हे त्या किल्ल्याने आपल्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. वासुदेव खराच झोपला. घोरण्यावरून कळलं.

मास्तर परत आला. रात्र संपली. कोर पावेवाल्यांकडे वळून म्हणाला, "उठण्याचा इशारा. कोण?"

पावेवाल्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. किल्ला पुन्हा उघडतो महिन्याने, अकराला, तेव्हा सकाळ केव्हाच झालेली असते. सकाळचा इशारा तिथे कधी लागलाच नव्हता, म्हणून सगळ्यांनी तो ऑप्शनला टाकला होता. शामला मात्र बोर्डाच्या परीक्षेची माणूस. ऑप्शनला टाकलेलंच नेमकं येतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने विचारलं नाही. पुढे झाली आणि वाजवला. मध्ये एकदा अडखळली, एक सूर चक्क बेसूर गेला, पण शेवटपर्यंत गेली. गावाने डोळे उघडले. यॉपने खुंटी काढली. टाळ्या पडल्या, आणि मंडळात कोणीतरी छाती भरून घेऊन "वन्स..." एवढंच म्हणालं. तीनशे डच माणसांनी एकदम वळून "शूऽऽऽ" केलं.

गर्दी ठेल्याकडे धावली तेव्हा कोर तिच्याजवळ आला.

"असं करू," तो म्हणाला. "सकाळचा इशारा तुझा. दर वेळी, किल्ला उघडताना, तटावर तू एकटी. मोठा मान आहे तो. कोटही तुझा. रांगेत मात्र नको. रांगेत लोकांच्या ओरडण्यावर वाजवणारा माणूस मला चालत नाही."

डचमध्ये यालाच सरळ बोलणं म्हणतात. शामलाने इतकी वर्षं त्यावर हसून मान डोलावली होती, आणि घरी जाऊन भांडी आपटली होती.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"मान नको. एकटीनेच वाजवायचं तर सायकलींची शेड आहे माझी. मला रांगेत चालायचंय. चुकले, ते तुझ्यासमोर चुकले. पुन्हा कोणी ओरडलं तर वाजवणार नाही. नवरा ओरडला तर मुळीच नाही. पण कोट देऊन कोपऱ्यात उभी करणार असशील तर कोट ठेव. आणि पळीही दुसऱ्याला दे. मी घरी जाते."

बस वळवायला जागा नाही, असा कोरचा चेहरा झाला. मग त्याने खुंटीवरचा कोट काढला, तिच्या अंगासमोर धरला. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

"बाह्या दुमडाव्या लागतील," तो म्हणाला. "तिसरी रांग. डाव्या पायाने सुरुवात."

तिने तिथल्या तिथे टोपडं काढून सूपच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं.

संध्याकाळी ढोल घुमले आणि रांगा फाटकातून पुलाकडे निघाल्या. तिसऱ्या रांगेत, दाताच्या डॉक्टरशेजारी, लांब कोटात अर्धी बुडालेली शामला पावा वाजवत चालत होती. पहिलंच पाऊल उजवं पडलं.

"डावा, बाई, डावा!" डॉक्टर ओठ न हलवता पुटपुटला.

तिने सूर न सोडता एक उडी मारली आणि पाय बदलला.