आबांशी वाद

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मराठी विभागात दुपारचं ऊन लांबलचक टेबलांवरून सावकाश सरकत होतं. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई येऊन बसल्या. त्यांच्या वडिलांनी जन्मभर जमवलेली पुस्तकं घरच्यांनी वडील गेल्यावर इथे दिली होती. ती पाहायला त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

"सगळी एका कपाटात असतील असं वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण विषयवार लावलीत. नाटकं एकीकडे, इतिहास दुसरीकडे. घर मोडल्यासारखं वाटलं हो."

मी कपाटांकडे पाहत राहिले. यातलं कितीतरी कधीकाळी कुणाच्या उशाशी असेल. कुणा वकिलाच्या, कुणा संस्थानिकाच्या, कुणा शाळामास्तरांच्या. किती घरं थोडी थोडी रिती झाली, तेव्हा कुठे देशाचं हे एक घर भरलं.

कपाटांकडे परत निघालेल्या बाई समोरच्या टेबलाशी थबकल्या. तिथे एक मुलगी वाचत होती आणि पानाच्या समासात जांभळ्या शाईतलं बारीक अक्षर होतं.

"हे आमच्या आबांचं अक्षर!"

मुलीनं पुस्तक पुढे केलं. "तुम्हाला हवंय का?"

"नको, तूच वाच. काय लिहिलंय त्यांनी?"

"'हे मला साफ नामंजूर.'" मुलगी जराशी संकोचली. "मला मात्र लेखकाचं पटतं."

बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"सांग ना, का पटतं? आबांशी वाद घालायची आमच्या घरात कुणाची छातीच नव्हती."