पेन्सिलीतली मावशी

धुळ्याकडे फिरायला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, भरीत चांगलं मिळतं. मी गेलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, भर मे महिन्यात, आणि हौसेने नाही. मावशीचा फोन आला होता: "कम्पुटरना उतारामा मनं नाव नही शे. लवकर ये."

जळगावहून सकाळची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मागच्या सीटवर चुकूनही बसू नका. धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. त्या प्रवासातलं चांगलं तेवढंच. पुढे कोंबून भरलेली जीप. तालुक्याच्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

मावशी कचेरीच्या पायरीवर बसली होती. वावर काकांचं आणि त्यांच्या भावाचं, सातबारा एकत्र. काका गेल्यापासून त्यांचा वाटा मावशीच कसायची. तलाठ्याने वारस म्हणून तिचं नाव पेन्सिलीने लिहिलं. वरच्या साहेबांची सही झाली की शाईने लिहायचं, अशी रीत. सही कधी झालीच नाही. पेन्सिल पुसट झाली की मावशी तलाठ्याला चहा पाजून नाव पुन्हा गिरवून घ्यायची.

कारकून गोड बोलत होता, त्यामुळे जास्तच राग आला. "अक्का, शाईतलं तेवढंच कॉम्प्युटरवर चढवायचा हुकूम होता."

"मग काकांचं नाव तरी हवं," मी म्हणालो.

"त्यांच्या नावाला शाईने कंस केलाय. कंस म्हणजे नाव कमी झालं."

"आन मी?" मावशीने विचारलं. "बठ्ठा गावले माहीत शे, वावर मीच करस."

"गावाला असेल. अर्ज द्या, चौकशी होईल."

म्हणजे मेलेला नवरा नियमाने गेला आणि जिवंत बायको नियमाने अजून आलीच नव्हती. उरला दीर. असल्या कारभाराला सुधारणा म्हणायचं!

अर्ज दिला. चौकशी सुरू व्हायच्या आत दिराने अख्खं वावर विकून टाकलं. उताऱ्यावर तो एकटाच होता, त्याला कोण अडवणार? कोर्टात गेलो. तारखा मावशीपेक्षा जास्त जगल्या. शेवटची काही वर्षं ती त्याच वावरात रोजाने कापूस वेचायला जायची.

आता सातबारा घरबसल्या मोबाईलवर दिसतो. परवा जेवताना त्या गटाचा उघडला. स्वच्छ छापील, एकही खाडाखोड नाही.

"किती सोपं झालंय ना हल्ली," बायको म्हणाली.