भरलेल्या भेगा

शाईचे पॅड पालथे ठेवायचे असतात. तसे ठेवले की शाई उतरून कापडाकडे येते आणि ठसा नीट उमटतो. मी ते पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायचे. मातकट रंग वरच्या खोक्यात, निळे-हिरवे खालच्या, आणि झाकणावर आतल्या प्रत्येक रंगाचा एक ठिपका. दर दोन-तीन दिवसांनी झाडझूड करताना मम्मी सगळे पॅड सुलटे करून ठेवायची.

"उलटं काय घालून ठेवतीस गं? सांडलं म्हंजे?"

मी "हं" म्हणायचे. ती स्वयंपाकघरात गेली की ते पुन्हा पालथे करायचे. का पालथे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. फळ्यांवर शाई-ठशांनी नक्षी करायचं हे काम मी मोबाईलवर बघून शिकले, त्यातले सगळे शब्द इंग्रजी. घरात ते उच्चारले की मलाच कसंतरी व्हायचं, शाळेतल्यासारखं मिरवतेय असं वाटायचं.

वाशी या आमच्या तालुक्याच्या गावातलं घर काळ्या मातीवर आहे. उन्हाळ्यात माती आक्रसते आणि भिंतींना भेगा पडतात. दरवर्षी, न चुकता. पप्पा सरकारी कचेरीत कारकून आहेत. सुट्टीच्या दिवशी ते पुट्टीचा डबा, लोखंडी पत्ती आणि पॉलिश पेपर घेऊन घरभर फिरतात आणि एकेक भेग भरतात. लहानपणी डबा धरायचं काम माझं होतं. भेग दिसली आणि पप्पा गप्प बसले, असं मी कधी पाहिलेलं नाही.

आणि मी भेगा पाडायचे. क्रॅकल पेस्ट नावाचा पांढरा लेप मिळतो, घट्ट दह्यासारखा. फळीवर जाडसर थापला की सुकताना तो आपोआप तडकतो. जाड थर दिला तर रुंद भेगा, पातळ दिला तर केसासारख्या. मग त्या भेगांत शाई मुरवायची आणि वरची पुसून घ्यायची. आमच्याकडच्या उन्हात लेप फार लवकर सुकतो आणि त्याचे पोपडे निघतात. दोन डबे वाया घालवल्यावर मला जागा सापडली: स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी. तिथल्या ओलसर गारव्यात तो सुकायला दीड-दोन दिवस घेतो आणि भेगा हव्या तशा पडतात.

पुण्यातल्या एका स्टुडिओने माझ्या फळ्यांचे फोटो पाहून एक मूळ काम मागवलं होतं. पसंत पडलं तर वर्षभर तिथे काम आणि राहायला खोली. काम सोमवारपर्यंत त्यांच्या हातात पोचायला हवं होतं. पदवी झाल्यापासून मी घरी मुलांच्या शिकवण्या घेत होते आणि माझ्या लग्नाचं घरात जे बोलणं चालायचं, ते मी गेल्याशिवाय थांबणार नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही झालं तर निदान कुणाला कळणार नाही, असा माझा हिशोब.

उरलेला शेवटचा डबा मी दोन फुटी फळीवर थापला आणि फळी माठाशेजारी ठेवली. शनिवारी सकाळी पाहिलं तर भेगा इतक्या नेमक्या पडल्या होत्या की मी बराच वेळ हात लावला नाही. शाई दुपारी भरायची, असं ठरवून बाहेर पडले. दोन शिकवण्या होत्या, आणि पार्सलसाठी खोकं बघायचं होतं.

परत आले तेव्हा पप्पा अंगणात वर्तमानपत्र पसरून बसले होते. पुढ्यात माझी फळी. पांढरी, सपाट, गुळगुळीत.

"आलीस व्हय? पाणी प्यायला गेलो तर बघतो, तुझ्या फळीला लई भेगा पडलेल्या. तू एवढी मरमर करतीस अन् मालच हलका निघाला." त्यांनी तळहात फळीवरून फिरवला. "दोन हात पुट्टी दिली. पॉलिश पेपर मारला. हात लावून बघ, कुठं भेग लागती का."

मम्मी दारातून म्हणाली, "सकाळधरनं बसलेत. जेवायला उठंनात. म्हणले, पोरगी यायच्या आत झालं पायजे."

पप्पांच्या भुवयांवर पांढरी भुकटी होती. माझ्या कामाला त्यांनी तोवर कधी हात लावला नव्हता. मी फळीवर बोट फिरवलं. कुठेच काही लागलं नाही.

"छान झालंय, पप्पा," मी म्हणाले.

"आता रंग बसंल बघ चांगला."

नवा डबा यायला आठवडा लागला असता. दुपारी मी तरीही शाई घेऊन बसले. गुळगुळीत पुट्टीवर ती कुठे थांबेना. जिथे लावली तिथून पुसली गेली आणि मागे चहा सांडल्यासारखे डाग राहिले. संध्याकाळी मी स्टुडिओला एका ओळीत कळवलं की काम पाठवता येणार नाही. कारण लिहायला बसले असते तर ते पप्पांवर गेलं असतं. आणि पप्पांना मी काय सांगितलं होतं? काहीच नाही. स्टुडिओकडून पुन्हा काही आलं नाही.

फळी पप्पांनी बाहेरच्या खोलीत लावली. पाहुण्यांना दाखवतात. "पोरीनं केलंय, मी जरा हातभार लावला." पाहुणे डागांकडे बघून मान हलवतात. मी चहाचा ट्रे घेऊन आत जाते.

यंदाच्या मे महिन्यात पप्पांनी हाक मारली. "अगं, इकडं ये. भेग पडली बघ."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला काही नव्हतं. भेग फळीवर होती. वरच्या कोपऱ्यातून निघून मध्यापर्यंत आलेली, मध्येच एक बारीक फाटा फुटलेला. खालचा माझा लेप वर्षभराने वरची पुट्टी फोडून आला असावा. राहू द्या, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. हे तर इंग्रजीतून सांगायची गरज नव्हती. पप्पा पत्ती हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

"धर जरा डबा."

मी डबा धरला. त्यांनी भेग भरली.

शाईची खोकी कपाटावर आहेत. आतले पॅड सुलटे आहेत.