कानसेन आणि इफेक्ट्सचा डबा

माणूस घाबरला की आधी दुसऱ्याला दोष देतो. कानसेनने तो तारांना दिला.

कानसेन हे नाव त्याला कारखान्यातल्यांनी ठेवलेलं. लॉन्ड्रीत ओले कपडे गरागरा फिरवून पिळणाऱ्या मोठाल्या मशिनी असतात ना, त्या दुरुस्त करणारा हा कारखाना. दुरुस्ती झाली की मशीन रिकामी चालवायची. मग कानसेनने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगजवळ टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. अर्धं मिनिट. मग एकतर "जाऊ द्या", नाहीतर "खोला". तो "खोला" म्हणाला की मालकसुद्धा का म्हणून विचारत नसे. सत्तावीस वर्षं हे असंच चाललेलं. बेअरिंग जायला लागलं की आधी त्यातून एक बारीक, उंच किणकिण येते. गडगड ऐकू यायला लागल्यावर काय, रस्त्यावरचा माणूसही सांगेल, पण तोवर उशीर झालेला असतो.

उशीर म्हणजे काय ते त्याने एकदा पाहिलं होतं. दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त केलेल्या मशीनचा ड्रम भर वेगात पत्रा फाडून बाहेर आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईचा उजवा हात कोपरापासून गेला. अपघातानंतर ती मशीन तपासायला कानसेनलाच बोलावलं होतं. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नव्हता.

घरी त्याची लग्नाआधीची एक इलेक्ट्रिक गिटार होती. कामावरून आला, चहा घेतला, की तासभर वाजवायचा. वाजवायचा कसा? बरा. बायको म्हणायची, "देवाने कान दिले, जोडीला जरा बोटंही द्यायची." पण गेल्या चार महिन्यांत तारा भराभर मरायला लागल्या. गिटारवाले तसंच म्हणतात. तार जुनी झाली की तिची चमक जाते, आवाज बोथट होतो, म्हणजे तार मेली. आता तर नव्या कोऱ्या तारा पहिल्याच दिवशी मेलेल्या निघत होत्या. त्याने पाच वेळा बदलल्या. तारा विकणाऱ्याचा उद्धार केला. मग ठरवलं की तारा नाही, आवाज मोठा करणारा हा अँपच म्हातारा झालाय. म्हणून ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांचं बटण, वाढवलं, तशी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, दात पोखरताय का कुणाचे? त्यापेक्षा कानाला हेडफोन लावून काय ते वाजवा!"

वरच्या मजल्यावरूनही ठकठक आली. तेव्हा ठरलं, की मोठा अँप काढून टाकायचा आणि घरच्या सरावापुरता एक छोटा मल्टी-इफेक्ट्सचा डबा घ्यायचा. सगळे आवाज त्याच्या पोटात, हेडफोन लावायची सोय, शेजारी खूश, बायको खूश. कानसेनही खूश असायला हवा होता. पण त्याच्या मनात एक शंका दार ठोठावत होती, आणि तो आतून कडी लावून बसला होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो लेकीला घेऊन दुकानात गेला. लेक शाळेत शिकवायची, म्हणजे चुका काढायची सवय. दुकानदार गोरटेला, गोड बोलणारा. त्याने काउंटरवर तीन डबे मांडले, गिटार जोडली, आणि एका जोडणीला दोन हेडफोन लावले. "एक तुम्हाला, एक ताईंना. घरात भांडण नको, दोघांनीही ऐका."

पहिल्या डब्याला सहा बटणं आणि दोन पेडल. कानसेनने वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "गोधडीतून येतोय आवाज."

"काका, हा तर सगळ्यात खणखणीत!"

"तुमच्यासाठी असेल."

दुसऱ्याला बोटाने चालणारा पडदा होता. कानसेनची बोटं ग्रीसने वर्षानुवर्षं जाड झालेली. त्याने आवाज घुमवणारा रिव्हर्ब दाबला, लागला प्रतिध्वनीचा डिले, डिले दाबला तर तिसरंच काही बोंबलायला लागलं. लेक हसून हसून लाल. तोही हसला. पण आवाज तोच, बोथट, मेलेला. तिसरा डबा तर मुठीत मावेल एवढा, त्याचाही तसाच.

"तिन्ही खराब," तो म्हणाला. तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून एकट्या कानसेनचा सूड घ्यायचं ठरवलं असेल, हे त्याला स्वतःलाच पटेना.

"असं कसं? जरा ट्रेबल वाढवून बघा ना," दुकानदार म्हणाला.

कानसेनने पहिल्या डब्याचं बटण फिरवलं. थोडं, आणखी थोडं. शेवटी कुठे तार जरा जिवंत झाली. त्याला बरं वाटलं. तो म्हणणार होता, हां, आता कसं! तेवढ्यात शेजारी लेकीने "आई गं!" म्हणून कानावरचा हेडफोन ओढून काढला. तिचे डोळे पाणावले होते.

"बाबा, काय करताय? कानात सुई खुपसल्यासारखं झालं!"

दुकानदाराने तिचा हेडफोन एका कानाला लावला आणि लगेच खाली ठेवला. "काका, एवढ्यावर तर कुत्रंसुद्धा घर सोडून जाईल." तो हसला, लेक हसली नाही. कानसेनने बटणाकडे पाहिलं. ते शेवटच्या आकड्याला टेकलेलं होतं.

त्याला घाम फुटला. भर दुपारी, पंख्याखाली, पाठीवरून धारा. वातावरण हलकं करावं म्हणून दुकानदाराने ट्रेबल उतरवला आणि आपल्या आवडीचा एक इफेक्ट लावला. "आता एकच तार छेडा, हलकेच. तिच्या वर कसे बारीक बारीक घुंगरू वाजतात ऐका."

कानसेनने तार छेडली. तार ऐकू आली. तो वाट बघत राहिला.

"अय्या, किती गोड!" लेक म्हणाली. "बाबा, ऐकलंत?"

"हो, हो. छान आहे," कानसेन म्हणाला. आयुष्यात आवाजाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. तो काउंटरला टेकून उभा राहिला.

लोक म्हणतील, वय झालं, कान जरा मंदावले, त्यात एवढं काय! एवढं काय? घुंगरू ऐकू आले नाहीत तर न येवोत. पण बेअरिंगची किणकिणही तिथेच, त्याच उंचीवर असते. घरच्या डब्याला ट्रेबल वाढवता येतो, स्क्रूड्रायव्हरला कुठून वाढवायचा? तारा मरायला लागल्या चार महिन्यांपूर्वी. मग चार महिने तो डोळे मिटून "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत होता ते कशाच्या जोरावर? त्याने मनातल्या मनात मोजलं. अकरा मशिनी. त्यातल्या दहा बाहेर गेलेल्या, आणि प्रत्येकीसमोर दिवसभर कोणी ना कोणी उभं.

"कोणता घ्यायचा मग?" दुकानदाराने विचारलं.

"तू निवड," तो लेकीला म्हणाला. "तुझ्या कानाने."

तिने पहिला निवडला. बटणं मोठी होती, पेडल पायाखाली नीट येत होते, आणि पडद्याची कटकट नव्हती. वाटेत ती हळूच म्हणाली, "बाबा, एकदा कान दाखवूया का?"

"माझे कान मला शिकवू नकोस!" तो इतक्या जोरात खेकसला की रस्त्यातली दोन माणसं वळली. जिन्यात त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, तेवढीच काय ती माफी.

संध्याकाळी डबा खोक्यातून बाहेरही आला नाही. बायकोने दोनदा विचारलं. तो म्हणाला, डोकं दुखतंय. खरं म्हणजे तो हिशेब मांडत होता. निवृत्तीला चार वर्षं. त्याच्यामागून तपासणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे तोंड मिटून बसलं तर कुणाला कळणार होतं? आणि कळवलं, तर बहिऱ्या कानसेनला कोण ठेवणार? त्याला भीती दोन्हीकडून होती, इकडे आड तिकडे विहीर. फक्त एका बाजूला तो स्वतःच पडणार होता, आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी अनोळखी बाई. जेवताना बायकोने ताट वाढायला उजवा हात पुढे केला तेव्हा तो ताटावरून उठला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोहोचला. अकरावी मशीन अजून दारातच उभी होती. शनिवारी त्यानेच तिला "जाऊ द्या" म्हटलं होतं, कागदावर सही करून. अशी गुळगुळीत मशीन वर्षात ऐकली नाही, असंही म्हणाला होता. त्याच्या हाताखाली तयार झालेली एक फिटर होती, सात वर्षं कामाला असलेली, सगळे तिला छोटी म्हणत. ती जेवणाचा डबा टेबलावर ठेवते न ठेवते तोच त्याने मशीन चालू केली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"लाव कानाला. काय ऐकू येतं सांग."

"काका, सकाळी सकाळी परीक्षा?" छोटी हसली. पण तिने टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली, त्याच्यासारखेच डोळे मिटले. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत होता. देवा, तिला काही ऐकू येऊ देऊ नकोस, एवढंच तो मनात म्हणत होता.

तिने डोळे उघडले, आणि चेहरा कसा खुललेला!

"खालचं बेअरिंग. बारीक किणकिणतंय. ओळखलं की नाही? तुम्ही मुद्दाम खराब घातलंत ना, मला पकडायला?"

त्याने तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, स्वतःच्या कानामागे लावला, जीव एकवटून ऐकलं. गुळगुळीत. एकदम गुळगुळीत. दुसरा कान लावला, तोही तेच सांगत होता.

"काका? बरोबर आहे ना माझं?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पूर्ण मार्क. आता ही बंद कर, आणि मालक आले की त्यांना माझ्याकडे पाठव."

तो ऑफिसात गेला, रजिस्टर उघडलं आणि पहिल्या लॉन्ड्रीचा फोन लावला. पलीकडे मालकीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे मशीन फिरत असल्याची जाड घरघर.

"ती मशीन बंद करा," कानसेन म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. आणि समोरच्या माणसाला बाजूला व्हायला सांगा."

"अहो, पण छान चाललीय की! कागदावर तुमचीच सही आहे ना?"

"माझीच आहे, म्हणूनच सांगतोय. मला ऐकू येत नाही, बाई. चार महिने येत नाहीये. बंद करा."

लांबून बाईंनी कुणाला तरी हाक मारलेली त्याला कळली. घरघर उतरत गेली, बारीक झाली, आणि मग काहीच नाही. कानसेनने फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. तरी काहीच नाही.

"थांबली का?" त्याने विचारलं. "बाई, जवळ जाऊन नीट बघा आणि मला सांगा. थांबली का?"